अकरा मिनिटांची गोळी

आप्पा भामरे यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: गोळी चघळणारे आणि गोळी चावणारे. बाकीचं सगळं सरकारी फॉर्मवर लिहायला ठीक. मी चावणाऱ्यांतली निघाले, हे आमच्या ओळखीच्या पहिल्या दोन मिनिटांतच सिद्ध झालं आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी मला ते विसरू दिलं नाही.

मी नाशिकहून सिल्वासाला आले ती गोळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून. गोळ्या म्हणजे औषधाच्या नव्हेत, खायच्या. माझ्या आईला अजूनही हे लोकांना सांगताना कसंतरी होतं. पहिल्या दिवशी मॅनेजरांनी एका बुटक्या, रुंद गृहस्थांसमोर उभं केलं. केसांची जाळी कपाळापर्यंत ओढलेली, खिशात चष्म्याचं घर खोचलेलं. "हे भामरे. पाक यांच्याकडे." गृहस्थांनी ते घर काढून उघडलं. त्यात चष्म्याऐवजी पिवळ्या लिमलेटच्या गोळ्या ओळीने झोपवलेल्या होत्या. मशीन चालतात त्या भागात गोळी तोंडात टाकायला सक्त मनाई, म्हणून आम्ही बाहेर कडुनिंबाखाली गेलो आणि मी एक गोळी घेतली. मला मशीनबद्दल काहीतरी विचारायचं होतं, तोंड मोकळं हवं होतं, म्हणून मी ती चावली. कटकन आवाज झाला.

आप्पांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाशिकच्या का?" ते म्हणाले. एवढंच, पण आवाज असा की पावसात भिजलेली पोती परत पाठवताना गोदामवाल्याचा असतो.

लिमलेट कशी खायची याचं त्यांचं शास्त्र होतं. गोळी आधी जिभेवर सपाट. मग डाव्या गालात. धार बोथट झाली की उजव्या गालात. शेवटी टाळूला चिकटवून सोडून द्यायची, ती आपोआप जाते. नीट खाल्ली तर अकरा मिनिटं. दहा मिनिटांत संपली तर पाक कच्चा किंवा माणूस उतावळा. मधे रस भरलेल्या गोळ्या आमच्याच कारखान्यात बनत, खपतही खूप, पण आप्पा त्यांना हात लावत नसत. "पोटात एक, ओठांवर एक," ते म्हणायचे. "असल्या गोळीशी आपण बोलत नाही." ज्या गोळ्यांशी ते बोलत होते त्यांच्याशी काय बोलत, हे मी कधी विचारलं नाही.

पण माणूस कामात सोनं होता, हे कबूल केलंच पाहिजे. साखर आणि ग्लुकोज उकळून पाक कधी उतरवायचा हे आमच्याकडे तापमानाच्या काट्यावर दिसतं. आप्पा काट्याकडे पाठ करून उभे राहत. पळीभर पाक थंड पाण्याच्या वाटीत सोडत, कान वाटीशी नेत. टक् असा आवाज आला की म्हणत, "काच झाली, उतरवा." एकदा नवीन काटा आला, आकडे लाल रंगात दाखवणारा. मी काट्यावर विश्वास ठेवला आणि पाक उतरवायला लावला. आप्पा म्हणाले, "मॅडम, हा अजून बोलू नाही राहिला." मी म्हटलं, काटा बोलतोय ना. त्या दिवशीच्या गोळ्या संध्याकाळपर्यंत कागदाला अशा चिकटल्या की कागदासकट खाव्या लागल्या असत्या. सगळा माल परत वितळवला. आप्पांनी त्यावर एक शब्द काढला नाही. फक्त पुढचा महिनाभर माझ्याशी बोलताना ते त्या काट्याला "तुमचा" म्हणत राहिले.

एक शब्द न काढणं ही त्यांची खरी विद्या. मुंबईहून बडे साहेब आले आणि कोणावर तरी ओरडायचं ठरवून आले, की मॅनेजर आप्पांना पाठवत. आप्पा केबिनच्या दाराबाहेर एक लिमलेट तोंडात टाकून आत जात. साहेब ओरडत, आप्पा मान हलवत. उत्तर द्यायची सोय नाही, कारण गोळी डाव्या गालात. अकरा मिनिटं एकट्याने ओरडणं कोणत्याही साहेबाला झेपत नाही. ते दमून म्हणत, "भामरे, तुमच्यासारखी शांत माणसं हवीत." कारखान्याच्या वार्षिक समारंभात त्यांना शांत स्वभावाबद्दल भेटवस्तूही मिळाली. भिंतीवरचं घड्याळ.

सिल्वासाजवळच्या सामरवरणीला माझी खोली त्यांच्या बरोबर खाली होती, त्यामुळे या शांततेची घरची बाजूही मला कळे. अलकाकाकू, म्हणजे आप्पांची बायको, माझ्याकडे मेथी निवडायला येऊन बसायची. "लोक यांना शांत म्हणतात," ती म्हणायची. "शांत कसले? तोंड भरलेलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात विचारलं, मी आवडले का तुम्हाला? लगेच गोळी टाकली तोंडात. अजून उत्तर येऊ राहिलंय." हे सांगताना ती हसायची, पण मेथीची काडी जरा जोरात मोडायची.

कारखान्याची सहल एकदा वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेली. जाळीच्या बसमध्ये आप्पांनी सगळ्यांना एकेक गोळी वाटली आणि बसभर शांतता पसरली. कोणाची तरी लहान मुलगी म्हणाली, "आप्पाजोबा, सिंह चावतो का?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "चावतो. म्हणून तर त्याला पिंजऱ्यात ठेवला." पिंजऱ्यात खरं तर आम्ही होतो आणि सिंह मोकळा झाडाखाली पडला होता, पण आप्पांच्या शास्त्रात असल्या बारीकसारीक गोष्टींना जागा नव्हती.

हे शास्त्र आलं कुठून ते मात्र त्यांनी मला एकदा आपणहून सांगितलं. दोंडाईच्याजवळचं गाव. वडील बाजाराच्या दिवशी सायकलने जात आणि येताना चार भावंडांना चार लिमलेट आणत. एकेकाला एकच. मग ओसरीवर पैज लागे. ज्याची गोळी सगळ्यात शेवटी संपेल, तो पुढच्या बाजाराला वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जाणार. "मी कधी हरलो नाही मॅडम," आप्पा म्हणाले. "एकदासुद्धा नाही. धाकटी कमल तर पहिल्या मिनिटालाच कटकन करायची. तिला बाजार कसा असतो ते लग्नापर्यंत माहीत नव्हतं." वडील गेले त्याला खूप वर्षं झाली होती. आप्पांना त्यांचा चेहरा नीट आठवत नव्हता, कारण दांडीवर बसलं की वडील मागे असतात. पण मानेवर येणारा त्यांचा श्वास आठवत होता. तो आणि लिमलेट. ऐकताना माझी गोळी चावायची राहिली, आणि हे त्यांच्या लक्षात आलं. "येईल, तुम्हालाही येईल," ते म्हणाले.

आता वैशालीकडे येते, कारण इथपर्यंत सगळं गमतीचं होतं.

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. एका प्लास्टिकच्या कारखान्यात ऑफिसमध्ये काम करायची. मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत नेऊन गुजरातीत संपवायची, आणि आईशी भांडायला लागली की थेट अहिराणीत. तिच्यासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा आप्पांनी पोह्यांच्या बशीआधी चष्म्याचं घर पुढे करायला सुरुवात केली. पहिला मुलगा नंदुरबारचा, बँकेत होता. चाळीस सेकंदांत कटकन. दुसऱ्याने घाबरून गोळी अख्खी गिळली आणि त्याला पाणी द्यावं लागलं. तिसऱ्याने मात्र छान चघळली, काकूचा जीव भांड्यात पडला, आणि मग नवव्या मिनिटाला त्याने गोळी तोंडातून काढून किती उरली ते पाहिलं. तिघांनाही पत्रिका जमत नाही असं कळवण्यात आलं. पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती.

चौथा कोणी बोलावलेला नव्हता. त्याचं नाव हितेश. जवळच्या अथालचा गुजराती मुलगा, वैशालीच्याच कारखान्यात मशीनदुरुस्तीला. दोन वर्षं चालू होतं. काकूला माहीत होतं, मला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला माहीत होतं. आप्पांना सांगायचं ठरलं तेव्हा वैशाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तो चावतो."

"किती?"

"शेंगदाण्यासारखा."

मग एक आठवडा माझ्या स्वयंपाकघरात हितेशची शिकवणी झाली. कारखान्यातून गेटवर दाखवून आणलेल्या गोळ्या आणि फोनवर लावलेलं घड्याळ. पहिल्या दिवशी दीड मिनिट. तिसऱ्या दिवशी चार. त्याची जीभ सोलली, पण पोरगा चिकाटीचा. "ताई, मशीन होतं तर मी खोलून बघितलं असतं," तो म्हणाला, "आ दांत मारा हाथमां नथी, ऐकतच नाहीत." शनिवारी तो अकरा मिनिटं पोचला. वैशालीने टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघी एखाद्याला बोर्डाच्या परीक्षेला पाठवावं तसं त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं, आणि काकूने चहा द्यायच्या निमित्ताने आम्हा दोघींनाही बोलावून घेतलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. हितेश ताठ बसला होता, गोळी डाव्या गालात. आप्पांच्या तोंडातही गोळी होतीच, पण त्यांची संपत आलेली. भिंतीवरचं बक्षिसाचं घड्याळ टिकटिकत होतं. पाचव्या मिनिटाला आप्पांनी गोळी संपवली आणि अनपेक्षितपणे विचारलं, "आमची भाषा वेगळी, तुमची वेगळी. घरी तुमची आई हिला काय म्हणेल, ही काय समजेल? पोरगी एकटी पडली तर?"

प्रश्न खरा होता. आजवरच्या एकाही मुलाला त्यांनी असा खरा प्रश्न विचारला नव्हता. हितेशने वैशालीकडे पाहिलं. मग गोळी चावली. कटकन. त्या लहानशा खोलीत तो आवाज केवढा वाटला. काकूने डोळे मिटले.

"माफ करजो काका," तो म्हणाला. "पण मोढामां, तोंडात गोळी राखीने तुमच्या या प्रश्नाला जवाब कसा देऊ? माझी आई हिला शिकवेल, ही आईला. एकटी नाही पडू देणार. पडली तर मी तुम्हाला सांगायला येईन, ती नाही सांगणार, मला ठाऊक आहे."

मला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील. निदान रागावतील. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, नवीन लिमलेट काढली आणि तोंडात टाकली. हितेश अकरा मिनिटं बसला. मग नमस्कार करून गेला.

त्यानंतर तीन महिने आप्पा त्या विषयावर बोलले नाहीत. होही नाही, नाहीही नाही. विषय निघाला की चष्म्याचं घर उघडायचं, गोळी तोंडात. मला त्यांचा राग आला, खरा राग, आणि कारखान्यात मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. शेवटी काकूनेच ठरवलं. "तोंडातून नाही निघालं नाही, म्हणजे हो," ती म्हणाली आणि सामरवरणीतला हॉल सांगून टाकला. आप्पांनी मान हलवली. साहेबांसमोर हलवायचे तशीच.

वैशाली माझ्याकडे येऊन रडली. "नाही म्हणाले असते तर मी भांडले असते ना ताई," ती म्हणाली. "पळून गेले असते. हे काय आहे? मी लग्न करून निघून जाईन आणि मला आयुष्यभर कळणार नाही, आप्पांना चालतंय की नाही ते. आईसारखी वाट बघत बसू?" मी चहा केला.

हळदीच्या आदल्या दिवशी दोंडाईच्याहून कमलआत्या आल्या. पहिल्या मिनिटाला कटकन करणाऱ्या त्याच. पन्नाशी ओलांडलेल्या, दातांचा संच अजून स्वतःचा आणि वापरात. आप्पांनी सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि पाहुण्यांना सायकलची गोष्ट सांगितली: चार गोळ्या, ओसरी, दांडी, मी कधी हरलो नाही. आत्यांनी आपली गोळी कटकन फोडली आणि हसल्या.

"दादा, तू जिंकायचास हे खरं. पण तू, आबा, सदा, तिघे भाऊ तोंड मिटून बसायचे. सगळ्या ओसरीवर मोकळं तोंड माझं एकटीचं. बा माझ्याशीच बोलायचे ना मग. बाजारात काय पाहिलं, कोणाचा बैल बसला, सगळं मला सांगायचे. बाजार पाहायला मी कशाला जाऊ? बाजारच माझ्याकडे यायचा. मी मुद्दाम चावायचे, दादा. तुला माहीत नव्हतं?"

सगळे हसले. आप्पाही हसल्यासारखं करून गॅलरीत गेले. गॅलरीतून समोरच्या कारखान्यांच्या पत्र्यांखेरीज काही दिसत नाही. चष्म्याचं घर हातात होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. मी पाहत होते.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात गुलाबपाण्याशेजारी एक ताट होतं आणि त्यात लिमलेटचा पिवळा डोंगर. आप्पांनी परवानगी काढून स्वतः एक पाक केला होता, एकट्याने, सुट्टीच्या दिवशी. लग्नातला त्यांचा स्वतःचा असा सहभाग हाच. वैशालीने शालूत उभ्या उभ्या मला विचारलं, "हे हो आहे का ताई?" मी तिचा पदर सारखा केला. अथालची मंडळी मोठी, दीडदोनशे, आणि सगळी चावणारी. लग्नभर हॉलच्या कानाकोपऱ्यातून कटकट, कटकट ऐकू येत होती. मंगलाष्टकांच्या मध्ये भटजींनी दोनदा थांबून पाहिलं. आप्पा खुर्चीत बसून ते ऐकत होते, आणि मला वाटतं, कोणी पाक कच्चा आहे म्हणणार नाही एवढं समाधान तरी त्यांना मिळालं असावं.

निघायची वेळ झाली. गाडीला फुलं लावलेली, हितेश दार धरून उभा. वैशाली आईच्या गळ्यात पडली, आत्यांच्या, माझ्या. मग आप्पांसमोर आली. आणि मी पाहिलं, आप्पांनी नुकतीच गोळी तोंडात टाकली होती. गाल फुगलेला. पिवळी कड ओठांत दिसत होती. अकरा मिनिटं.

"आप्पा," ती म्हणाली. "काहीतरी बोला ना."

आप्पांनी मान हलवली.

काकू मागून म्हणाली, "अहो, बोला ना काही." तिच्या आवाजात लग्नाची अठ्ठावीस वर्षं होती.

वैशाली थोडी थांबली. मग वाकून पाया पडली, वळली आणि गाडीकडे चालू लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. हितेशने दार आणखी उघडलं. तिने एक पाय आत ठेवला.

कटकन.

आवाज इतका मोठा होता की ड्रायव्हरनेही मागे पाहिलं. आप्पांचा जबडा हलत होता, डोळ्यांत पाणी, आणि ते दाताखालचे तुकडे घाईघाईने, जसं जमेल तसं गिळत होते, ठसकत होते. जन्मात न केलेली गोष्ट, सवय नव्हती. मग त्यांनी गाडीच्या खिडकीला दोन्ही हातांनी धरलं.

"पोचल्यावर फोन कर," ते म्हणाले. "मी वाट पाहीन."

सामरवरणीहून अथालला पोचायला पंधरा मिनिटं लागतात. वैशाली मान हलवत राहिली.

गाडी गेल्यावर आप्पा हॉलच्या पायरीवर बसले. मी त्यांच्यासमोर चष्म्याचं घर धरलं, पडलं होतं ते उचलून. त्यांनी ते घेतलं आणि न उघडता खिशात ठेवलं. काकू येऊन शेजारी बसली. दोघंही फोनकडे बघत होती.

फोन वाजला, तेव्हा आप्पांच्या तोंडात काहीही नव्हतं.